गायींसकट या

सोमवार, १२ ऑगस्ट

आजपासून रोजनिशी. वाचणारा मी एकटाच. मुर्तिनीने विचारलं, काय लिहिताय. शाळेचं काम, म्हणालो. बायकोशी खोटं बोलायचं नसतं, पण हे एका अर्थी शाळेचंच काम आहे.

मुद्दा असा. डिसेंबरात तालुक्यातले एक शाळा-तपासनीस निवृत्त होतायत. त्या खुर्चीत मी बसणार. एकोणीस वर्षं करांगसोकोच्या प्राथमिक शाळेचा हेडमास्तर आहे. तेच गळकं छप्पर, तेच पालक, तीच नदीवरून येणारी डासांची फौज. तपासनिसाला यातलं काही नसतं. तो मोटरसायकलवरून येतो, बघतो, मान हलवतो, गोड चहा पितो आणि जातो. 'जातो' हे महत्त्वाचं. मी एकोणीस वर्षांत कुठेच गेलेलो नाही.

आज तालुक्याच्या मीटिंगमध्ये शिक्षणाधिकारी साहेब म्हणाले, या वेळी 'आदर्श प्रकल्प' असलेल्यालाच घेणार. आणि लगेच परिपत्रक वाचलं: मेरापी ज्वालामुखीच्या धोक्याच्या पट्ट्यातली प्रत्येक शाळा खालच्या एका सुरक्षित शाळेशी जोडायची. डोंगर बिघडला की वरची मुलं आणि शिक्षक खालच्या शाळेत येतील, अभ्यास बुडणार नाही. नाव 'बहीणशाळा'. हे ऐकून मीटिंगमधले सगळे हेडमास्तर आपापल्या बुटांकडे बघू लागले. मी हात वर केला.

धोका शून्य. मागचा मोठा उद्रेक होऊन पुष्कळ वर्षं झाली. डोंगर धूर काढतो, पण धूर माझे सासरेही काढतात, आणि खुर्चीतून हलत नाहीत.

शुक्रवार, १६ ऑगस्ट

आमच्या वाट्याला न्गार्गोरेजोची शाळा आली. आज वर जाऊन आलो. चढ फार. मोटरसायकल दोनदा बंद पडली, एकदा मी.

शाळा छोटीशी. मागच्या खिडकीत डोंगर इतका जवळ की वर्गात बसल्यासारखा वाटतो. हेडबाई सुलास्मी. कमी बोलतात. मी प्रकल्पाची भूमिका अर्धा तास समजावली, त्या 'हो' म्हणत राहिल्या. मग विचारलं, संडास किती आहेत, स्वयंपाक कोण करणार, पाणी कुठलं. तपशील नंतर ठरवू, म्हणालो. दूरदृष्टी असलेल्या माणसाला लोक नेहमी संडासाचं विचारतात.

चहा ओतता ओतता त्यांनी सांगितलं की मागच्या उद्रेकात त्यांचे यजमान सगळ्यांबरोबर खाली आले होते. दुसऱ्या दिवशी गायींना गवत टाकायला परत वर गेले. तेवढ्यात गरम ढग उतरला. हे सांगताना चहाचा एक थेंब सांडला नाही. अहवालात यावर एक स्वतंत्र परिच्छेद ठेवू, असं म्हणालो. त्या 'हो' म्हणाल्या.

त्यांचे वडील जोयो आजोबा ओट्यावर लवंगी सिगारेट ओढत बसले होते. त्यांना प्रकल्प समजावला. ते म्हणाले, डोंगराचं काही नाही, गायींचं काय ते बोला. म्हातारपणी माणसाचं लक्ष एका जागी राहत नाही.

गुरुवार, २९ ऑगस्ट

करारावर सह्या झाल्या. माझ्या आयुष्यातलं सर्वोत्तम भाषण.

तयारी तीन दिवस. साहेब पहिल्या रांगेत, न्गार्गोरेजोची माणसं मागे, धुतलेल्या शर्टांत. मी दरबारी जावानीज लावली, जी हल्ली लग्नातसुद्धा कुणाला नीट येत नाही. म्हणालो की आमचं अंगण लहान, आमचं छप्पर गळकं, आमचा भात करपलेला, पण हे सगळं तुमचंच समजा. नुसती मुलंच नव्हे. तुमचे म्हातारे, तुमच्या कोंबड्या, तुमच्या गायीसुद्धा आमच्याच. संकट आलं तर गायींसकट या.

'गायींसकट' हे ऐनवेळी सुचलं. लय पूर्ण व्हायला काहीतरी हवं होतं.

पुढच्या रांगेने टाळ्या वाजवल्या. मागच्या रांगेतल्या पुरुषांनी वाजवल्या नाहीत, ते एकमेकांकडे बघून हळूहळू मान डोलवत होते. भाषा पोचली की असंच होतं.

शनिवार, १४ सप्टेंबर

रंगीत तालीम. वरची मुलं ट्रकने आली, गाणं म्हणाली, सोयाबीनचा तेंपे आणि भात खाल्ला, परत गेली. ट्रक दोन तास उशिरा आला, कारण ड्रायव्हरच्या मेहुण्याचं लग्न होतं. डोंगर थांबायला तयार असेल तर हरकत नाही, असं सुलास्मीबाई म्हणाल्या. त्यांना विनोद येतो हे माहीत नव्हतं.

अहवालात 'अत्यंत समाधानकारक' लिहिलं.

जाता जाता बाई म्हणाल्या, गावातले विचारतायत की तालमीला गायी आणायच्या होत्या का. मी पोट धरून हसलो. म्हणालो, तालमीला कशाला त्यांना त्रास. बाई हसल्या नाहीत, 'बरं, तसं सांगते' म्हणाल्या.

मंगळवार, १ ऑक्टोबर

करारात तीन खोल्या देऊ असं लिहिलंय. तीन खोल्या आहेतच. एकीत मोडकी बाकं, दुसरीत गामेलानची घंटा-ढोलकी, तिसरी माझी दुपारची विश्रांतीची. येत्या रविवारी रिकाम्या करायच्या. ठरलं.

रविवार, ६ ऑक्टोबर

पाऊस. शिपाई वागिमिन आला नाही.

रविवार, १३ ऑक्टोबर

वागिमिन आला. पण गामेलानची वाद्यं ओलांडायची नसतात, आणि खोलीत शिरायचं तर ओलांडावीच लागतात. हे धर्मसंकट. मी आणि वागिमिन दारात उभे राहून एक-एक सिगारेट ओढली. पुढच्या रविवारी नक्की.

शुक्रवार, १८ ऑक्टोबर

वेधशाळेने डोंगराच्या धोक्याची पातळी दोनवर नेली. मुर्तिनी म्हणाली, खोल्या करा. म्हणालो, पातळी दोन म्हणजे नुसतं खाकरणं.

रविवार, २७ ऑक्टोबर

पहाटे साहेबांचा फोन. पातळी तीन. न्गार्गोरेजो खाली आणायचं ठरलं. साहेब म्हणाले, 'प्रासोजो, तुमच्याकडे सगळं तयार आहे म्हणून काळजी नाही.' मी म्हणालो, काहीच काळजी नाही. मग मी, वागिमिन आणि मुर्तिनीने मोडकी बाकं पावसात फेकली.

सातच्या सुमारास पहिला ट्रक. मुलं. छान. मी फाटकाशी बॅज लावून उभा. दुसऱ्या ट्रकमधून म्हातारे, गाद्या, टीव्ही, कोंबड्या. ठीक आहे.

तिसऱ्या ट्रकचं फाळकं पडलं आणि आतून गाय बाहेर आली. तिच्या मागे गाय. मग आणखी ट्रक.

मी जोयो आजोबांकडे धावलो. म्हणालो, अहो आजोबा, कशाला एवढा त्रास घेतलात. ते म्हणाले, त्रास कसला. मी म्हणालो, आमचं अंगण फार लहान आहे हो. ते म्हणाले, तुम्ही भाषणातही असंच म्हणाला होतात, आम्हाला तेव्हाच कळलं की मोठ्या मनाचा माणूस आहे. म्हणालो, बॅडमिंटन कोर्टावर ऊन फार लागेल बिचाऱ्यांना. त्यांनी कोर्टावर ताडपत्री बांधली. म्हणालो, नेट आहे मध्ये. नेटला त्यांनी दोन गायी बांधल्या.

हा आपल्या लोकांचा रोगच आहे. यजमान 'जागा नाही' म्हणाला की पाहुण्याला वाटतं, किती नम्र आहे. नाही म्हणायला शब्दच ठेवलेला नाही कुणी.

उद्या स्पष्ट बोलायचं.

सोमवार, २८ ऑक्टोबर

स्पष्ट बोललो. परिणाम: सायकलींची शेडसुद्धा त्यांना दिली.

गुरुवार, ३१ ऑक्टोबर

शाळा दोन पाळ्यांत. सकाळी आमची मुलं, दुपारी त्यांची. माझ्या ऑफिसात माझ्या टेबलाला टेबल लावून सुलास्मीबाई बसतात. दुपारच्या विश्रांतीच्या खोलीत आता तीन आज्या विश्रांती घेतात. मी विश्रांतीला गेलो तर एक आजी म्हणाली, या ना, बसा, अगदी स्वतःचीच खोली समजा.

माझ्या मोटरसायकलवरून रोज नदीकाठचं हत्तीगवत येतं. किल्ली मीच दिली. मागितली नव्हती. एक तरुण मोटरसायकलकडे नुसता बघत उभा होता, तेव्हा शिष्टाचार म्हणून म्हणालो की हवी असली तर घ्या.

मुर्तिनी भलतीच खूश. दिवसभर सामुदायिक स्वयंपाकघरात वरच्या बायकांबरोबर असते. घरी कुणी नसतं. जेवायला मलाही रांगेत उभं राहावं लागतं.

मी इथे अडकलोय. आधीही अडकलेलोच होतो, पण तेव्हा निदान वास नव्हता.

मंगळवार, ५ नोव्हेंबर

पाचवीचा तास. गाय खिडकीतून डोकं आत घालून फळ्याकडे बघते. मुलं म्हणतात, तिला भागाकार येतो. मी पडदा लावला. तिने पडदा खाल्ला.

कुणी वर परत जातंय का, हे बघायला रोज संध्याकाळी सुलास्मीबाई ताडपत्रीखाली फेरी मारतात. आधी माणसं मोजतात, मग गायी. विचारलं तर म्हणाल्या, 'गाय इथे आहे तोवर माणूस इथे आहे.' सुंदर वाक्य. अहवालात घालतो.

शुक्रवार, ८ नोव्हेंबर

बातमी! निवड समिती गुरुवारी शाळेत येतेय. तिघे जण. माझा प्रकल्प डोळ्यांनी बघणार, मग तिथेच मुलाखत.

आनंद झाला. मग खिडकीतून बाहेर पाहिलं.

मंगळवार, १२ नोव्हेंबर

काहीतरी करायला हवं. समितीतल्या एक बाई जोग्जाकार्ताहून येणार आहेत, पांढरे बूट घालतात म्हणे. आदर्श प्रकल्पात शेण चालत नाही. कुठल्याच परिपत्रकात मी ते वाचलेलं नाही.

गायी कायमच्या जाव्यात असं मी म्हणत नाही. फक्त गुरुवार. एक सकाळ. नदीकाठी न्याव्यात, बांधावर, कुठेही.

पण सांगणार कसं? त्यांना बोलावलंय मीच. तोंडावर 'गायी हलवा' म्हणणं म्हणजे पाहुण्याच्या पुढचं ताट ओढणं. तेव्हा सूचक बोलायचं ठरवलं. एकोणीस वर्षं पालकांशी मी सूचकच बोलत आलोय.

बुधवार, १३ नोव्हेंबर

जमलं! संध्याकाळी ताडपत्रीखाली जाऊन बसलो. जोयो आजोबांनी सिगारेट दिली. इकडचं तिकडचं बोललो. मग हळूच म्हणालो, उद्या मोठे पाहुणे येतायत. आणि थोड्या वेळाने, गायींना घरची आठवण येत असेल नाही? डोंगर चार दिवस झाले शांत आहे.

आजोबांनी सिगारेट ओट्यावर विझवली. मग म्हणाले, 'कळलं, गुरुजी. तुमची अडचण ती आमची अडचण.'

किती सुसंस्कृत लोक. एका वाक्यात काम. तपासनीस म्हणून मला हीच शैली ठेवायची आहे.

गुरुवार, १४ नोव्हेंबर

सकाळी. कोर्ट रिकामं! उजाडायच्या आत गेले सगळे. वागिमिनने पाणी मारलं. नेटसुद्धा सरळ केलं. शाळा नव्यासारखी. इस्त्रीचा शर्ट.

नऊ वाजता. समिती आली. पांढऱ्या बुटांची खात्री झाली. फेरी उत्तम. मी खोल्या दाखवल्या, आज्यांनी हात जोडले. 'इतक्या व्यवस्थित' असे शब्द अध्यक्षांनी वापरले. आता मुलाखत. आत जातोय.

संध्याकाळी. अक्षर वाईट येतंय.

मुलाखत सुरू होऊन जेमतेम दोन प्रश्न झाले होते. खिडक्या खडखडल्या. वाटलं ट्रक. मग भोंगा. बाहेर आलो तर डोंगर दिसत नव्हता, त्याच्या जागी काळा ढग उभा होता आणि तो खाली उतरत होता, न्गार्गोरेजोच्या बाजूला.

सुलास्मीबाई वर्गातून धावत कोर्टावर आल्या. कोर्ट रिकामं. त्यांना वाटत होतं गायी नदीकाठी नेल्यात. कुणीतरी सांगितलं, पुरुष माणसं गायी घेऊन वर गेलीत, घरी.

बाई माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

'गुरुजी, तुम्ही त्यांना जा म्हणालात?'

मी म्हणालो, मी जा असं म्हणालो नाही. हे खरं आहे. शब्दशः खरं आहे. मी म्हणालो, मी फक्त आठवणीबद्दल बोललो. त्यांनी पुढे विचारलं नाही. ओढणी तोंडावर धरून फाटकाशी जाऊन उभ्या राहिल्या.

राख पडायला लागली. समितीने रुमाल बांधले, गाडीत बसली. अध्यक्ष म्हणाले, मुलाखत पूर्ण समजू. मी काय उत्तर दिलं आठवत नाही. मी फाटकाशी गेलो. बाईंच्या शेजारी नाही, दुसऱ्या खांबाशी.

फोन लागत नव्हते. रस्त्यावर पोलिसांनी दोर लावला होता. आतल्या मुलांना मुर्तिनी मास्क वाटत होती. कुणी रडत नव्हतं, त्याचीच भीती वाटत होती. मी त्या म्हाताऱ्याला, त्या पोरांना एका इस्त्रीच्या शर्टासाठी वर पाठवलं. एवढंच माझ्या डोक्यात होतं. मला भीती वाटली. आयुष्यात इतकी वाटली नव्हती. प्रार्थना केली, तीही सरळ शब्दांत, दरबारी भाषा आठवलीच नाही.

दिवस मावळायच्या बेताला राखेतून काहीतरी करडं हलताना दिसलं. आधी शिंगं दिसली. मग जोयो आजोबा, गायीच्या पाठीवर हात टाकून. मग बाकीचे. सगळे. बाईंनी मोजले, मीही मोजले, दोघांचा आकडा जुळला.

वाटेत सलाक फळांच्या बागांपाशी आजोबांची गाभण गाय खाली बसली आणि उठेना. सगळे तिच्यासाठी थांबले. ती विण्यात सकाळ गेली. म्हणून गावापर्यंत कुणी पोचलंच नाही. ढग वरच्या ओढ्यापर्यंत आला आणि थांबला. वासरू एका पोराच्या खांद्यावर होतं, राखेने माखलेलं.

ते सगळे फाटकाबाहेर थांबले. आत येईनात. धुतलेल्या कोर्टाकडे बघत होते. आजोबांनी विचारलं, पाहुणे गेले का.

मी म्हणालो, 'आत या, आजोबा.'

'आणि गायी?'

'गायी आधी.'

दोन्ही दारं उघडली. एका गायीचा दोर माझ्याच हातात दिला कुणीतरी. मी धरला.

शुक्रवार, १५ नोव्हेंबर

रात्रभर विचार केला. एका दृष्टीने पाहिलं, तर ते माझ्या सूचनेवरून निघाले म्हणूनच गाय वाटेत व्याली. ताडपत्रीखाली व्याली असती तर इतकी चर्चा झाली नसती.

हे बाईंना सांगणार होतो. त्यांचा चेहरा बघून नाही सांगितलं.

मंगळवार, १९ नोव्हेंबर

बाई माझ्याशी बोलत नाहीत. म्हणजे बोलतात: खडू आहे का, घंटा झाली का. टेबलाला टेबल लावलेलं, आणि मधे समुद्र.

वासरू मोकाट फिरतं. प्रत्येक वर्गाच्या दारात जातं, आत बघतं, मान हलवतं, पुढे जातं. मुलांनी त्याचं नाव 'तपासनीस' ठेवलंय. मी मनावर घेतलेलं नाही.

सोमवार, २५ नोव्हेंबर

राखेत उभा, हातात गायीचा दोर, असा माझा एक फोटो कुणीतरी त्या संध्याकाळी काढला होता. सगळ्या शिक्षकांच्या ग्रुपवर फिरतोय. शर्ट ओळखू येत नाही. साहेबांनी खाली अंगठा पाठवलाय, वर केलेला.

बुधवार, ४ डिसेंबर

आज बाई स्वतःहून बोलल्या. दुपारची पाळी सुटल्यावर, वह्या तपासता तपासता, वर न बघता.

म्हणाल्या, मागच्या वेळी मी आणि सरपंच दारोदार फिरलो, पाया पडलो, अर्धी माणसं हलली नाहीत. जी आली ती गायींसाठी परत गेली. माझा नवरा त्यातलाच. या वेळी मला कुणाला एक शब्द सांगावा लागला नाही. 'खालच्या गुरुजींनी गायींसकट या म्हटलंय' असं म्हणत सगळे आपणहून ट्रकमध्ये चढले. 'त्या दिवसाचं मी विसरणार नाही, गुरुजी. पण हेही विसरणार नाही.'

मला गहिवरून आलं. माझ्या भाषणात ताकद आहे हे मला ठाऊक होतंच. फक्त ती दरबारी जावानीजमध्ये आहे असं वाटत होतं.

मंगळवार, १० डिसेंबर

पातळी खाली आली. शनिवारी सगळे घरी जाणार.

साहेबांचा फोन, आवाज हळू करून: अजून जाहीर नाही, पण तुमचं नाव सगळ्यात वर आहे. समितीला म्हणे तो गायीचा फोटो फार भावला. पांढऱ्या बुटांच्या बाईंनी आग्रह धरला.

मुर्तिनीला सांगितलं. तिने विचारलं, मग आपण शहरात राहायचं? मी म्हणालो, हो. ती उठून भांडी घासायला गेली. आनंदाने बहुतेक.

नवे बूट घेतले.

शनिवार, १४ डिसेंबर

गेले. सकाळी कोर्टावर सगळे ओळीने उभे राहिले, हात हातात घेऊन निरोप. जोयो आजोबांनी माझा हात बराच वेळ सोडला नाही.

त्यांनी विचारलं, ऐकलं ते खरं का, गुरुजी, तुम्ही चाललात म्हणे?

आता यावर सभ्य माणूस काय म्हणणार? 'हो, मला वरची जागा मिळतेय' असं आपल्याकडे कुणी सांगतं का? मी ठरलेलं उत्तर दिलं: छे हो, मी कुठला एवढा मोठा. माझ्यासारख्याला कोण नेतंय. माझं आयुष्य इथेच, या मुलांत. आजोबा म्हणाले, मनापासून? मी म्हणालो, मनापासून. हेही ठरलेलंच उत्तर आहे.

त्यांचे डोळे भरून आले. माझेही थोडे. ट्रक वळणावर दिसेनासे झाले आणि शाळा एकदम इतकी शांत झाली की मी वागिमिनवर विनाकारण ओरडलो.

शनिवार, २१ डिसेंबर

विश्रांतीच्या खोलीत झोपलो. झोप लागली नाही. सवय मोडलीय. शहरात लागेल.

सही बदलली. 'प्र' जरा मोठा काढायचा, शेवटी रेघ.

सोमवार, ३० डिसेंबर

सकाळी. आज यादी जाहीर होणार. नवे बूट घातलेत, नुसते घरात.

दुपारी. साहेबांचा फोन आला. आवाज दाटलेला. म्हणाले, प्रासोजो, तीस वर्षं नोकरी केली पण असलं प्रेम पाहिलं नाही.

मी नम्रपणे ऐकत राहिलो.

म्हणाले, शुक्रवारी न्गार्गोरेजोचं अख्खं गाव ऑफिसात आलं होतं. दोन ट्रक. जोयो आजोबा लग्नात घालतात तसा पोशाख करून, कमरेला क्रिस खंजीर लावून. मी मीटिंगला गेलो होतो, तर संध्याकाळपर्यंत व्हरांड्यात बसून राहिले, खुर्ची दिली तरी घेतली नाही. केळ्यांचे घड आणले होते. आजोबा म्हणाले, आमच्या गुरुजींना हलवू नका. डोंगर पुन्हा उठणार, तेव्हा दारात हा माणूस हवा. नवा येईल त्याचं गायींबद्दल काय मत असेल आम्हाला ठाऊक नाही. तो नाही म्हणाला तर आम्ही उतरणार नाही, आणि मग काय होतं ते तुम्हाला माहीत आहे.

साहेब म्हणाले, मी त्यांना सांगितलं की प्रासोजोंना बढती हवी असेल. तर आजोबा म्हणाले, विचारलंय त्यांना. मनापासून इथेच राहायचंय म्हणाले.

साहेबांनी माझं नाव मागे घेतलं. लेखी हमीच दिली गावाला. निवृत्तीपर्यंत करांगसोको. माझ्या जागी दुसऱ्या कुणाला तरी घेतलं, नाव ऐकलं पण डोक्यात शिरलं नाही. शेवटी म्हणाले, आनंद झाला ना? मी म्हणालो, फार. उपकार झाले.

संध्याकाळी. आले सगळे, आभाराचा भात घेऊन. केवढा उंच पिवळा डोंगर, भोवती अंडी, तेंपे, भाज्या. कोर्टावर चटया टाकल्या. मुर्तिनी मला कधी दिसली नव्हती इतकी हसत होती. आजोबांनी भाताचा शेंडा कापून पहिला घास मला दिला. मी म्हणालो, तुम्ही माझ्यासाठी फारच कष्ट घेतलेत. ते म्हणाले, कष्ट कसले, गुरुजी, गरज आमची होती.

सगळे जेवत असताना सुलास्मीबाई शेजारी येऊन बसल्या. हळू आवाजात म्हणाल्या, 'मी अडवलं होतं त्यांना. म्हटलं, गुरुजींना जायचं असेल. बाबा म्हणाले, तसं ते कधी बोलले नाहीत.' मग माझ्या बुटांकडे बघितलं. नवे होते. 'खरंच जायचं होतं का हो तुम्हाला?'

समोर आजोबा एका पोराला अंडं सोलून देत होते.

'छे,' मी म्हणालो.

बाईंनी मान खाली घातली आणि माझ्या पानावर आणखी भात वाढला. पोट भरलं होतं. नको म्हणालो नाही, सगळा खाल्ला.